पावसाळी सुट्टीत सायन्स किट : पहिल्यांदाच खोकं उघडणाऱ्या पालकांसाठी

जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या सकाळी पालकांच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडतो, 'आज शाळेला सुट्टी.' खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं असतं, पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली गेलेला असतो, आणि घरातलं आठ-नऊ वर्षांचं कार्टं दहा वाजायच्या आतच "मी आता काय करू?" म्हणत मागे लागलेलं असतं. मग वाढदिवसाला आलेलं आणि तेव्हापासून कपाटावर पडून असलेलं सायन्स किट खाली निघतं. पुढचं बहुतेक घरांत सारखंच. तासाभरात सगळ्या पुड्या फोडून होतात, खोक्यावरच्या चित्रातला ज्वालामुखी काही उसळत नाही, आणि दुपारच्या जेवणापर्यंत किट बाद झालेलं असतं.

त्यात किटचा दोष थोडा आणि आपली घाई जास्त. खोक्यावर 'पन्नास प्रयोग' छापलेलं असलं तरी एका सुट्टीला एक, फार तर दोन प्रयोग पुरेत. मात्र तो एक प्रयोग तीनदा करायचा आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी गरम घेतलं तर? लिंबू दुप्पट पिळलं तर? पहिल्या वेळी मूल गंमत बघतं, दुसऱ्या वेळी अंदाज बांधतं आणि तिसऱ्या वेळी आपल्याशी वाद घालतं. त्या वादासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी एकट्याने खोकं उघडा

जमलं तर आदल्या रात्री, मूल झोपल्यावर. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. ते चिन्ह आणि वयोगट, दोन्ही बघा. 'आमची सात वर्षांची आहे, पण फार हुशार आहे' म्हणून बारा वर्षांवरचं किट हातात देऊ नका. तो आकडा ठरवताना वस्तू तोंडात घालणं, हात न धुता डोळे चोळणं या सवयी धरलेल्या असतात, आणि त्या हुशार मुलांनाही असतात.

आतल्या सामानाचे तीन ढीग करा. पहिला मुलाच्या हाती बिनधास्त द्यायचा : भिंग, ड्रॉपर, फुगे, गाळणकागद, प्लास्टिकच्या नळ्या. दुसरा तुमच्या देखत वापरायचा : सोडा, सायट्रिक आम्ल, तुरटी, लिटमस (आम्ल की अल्क हे रंग बदलून दाखवणारा कागद), वायर, साधे सेल. तिसरा ढीग आज कपाटातच राहील, आणि त्यात पुढच्या तीन गोष्टी सापडल्या तर त्या आधी बाजूला काढा.

मोरचूद, म्हणजे निळे खडे. किटमध्ये त्यावर 'कॉपर सल्फेट' लिहिलेलं असेल. स्फटिक फार देखणे होतात, पण मोरचूद विषारी आहे. लहान मुलांच्या घरात मी ते उघडणारच नाही. तुरटीचे स्फटिक तितकेच चांगले येतात. दुसरी गोष्ट बटन सेल, म्हणजे बटणासारखा चपटा गोल सेल. गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट हॉस्पिटल गाठायचं किंवा १०८ ला फोन करायचा. तिसरी गोष्ट म्हणजे वाटाण्याएवढे ताकदवान चुंबक. दोन पोटात गेले तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि मग ऑपरेशनची वेळ येते. मोठा पट्टीसारखा किंवा नालाकृती चुंबक खुशाल द्या.

आजची हवा बघून प्रयोग निवडा

ही पायरी मॅन्युअलमध्ये नसते. प्रयोग लिहिणाऱ्याने कोरडी हवा गृहीत धरलेली असते, आणि पुण्यात भर पावसाळ्यात सकाळची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते.

कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलणं, फुगा भिंतीला चिकटवणं, हे स्थिर विद्युतचे प्रयोग आज सोडून द्या. दमट हवेत कंगव्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि घासून जमवलेला विद्युतभार त्यावरून निसटून जातो. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर काढताना तडतड ऐकू येते, तेव्हा हेच प्रयोग पहिल्या झटक्यात जमतील. तोवर मॅन्युअलचं ते पान दुमडून ठेवा.

सोडा आणि सायट्रिक आम्ल आधीच एकत्र केलेली 'फसफसणारी पावडर' असेल तर पुडी चाचपून बघा. गोळा झाला असेल तर ओल लागून तिचं फसफसणं आतल्या आत उरकलेलं आहे. खोक्यावरचा ज्वालामुखी बहुतेक वेळा याच कारणाने रुसतो. ती पुडी टाकून द्या. घरात खायचा सोडा आणि लिंबं असतातच.

उलट काही प्रयोगांना ही हवा मानवते. लोखंडी चुका गंजवायचा असेल तर पावसाळ्यासारखा मुहूर्त नाही : एक चुका ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट बंद डबीत, एक उकळून गार केलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन, एक उघड्या वाटीत निम्मा पाण्यात बुडवून. तीन-चार दिवसांत फरक दिसतो. ब्रेडवरची बुरशीही जोमात वाढते. फक्त पिशवी सीलबंद ठेवा आणि शेवटी न उघडता तशीच कचऱ्यात टाका. काळ्या स्केचपेनचा ठिपका गाळणकागदावर काढून कागदाचं टोक पाण्यात बुडवायचं आणि काळ्यातून वेगळे होणारे रंग बघायचे, हा प्रयोग तर बाराही महिने चालतो.

मांडामांड

एक मोठी परात घ्या आणि सगळा प्रयोग परातीतच करायचा असा नियम करा. जे सांडेल ते परातीत सांडेल. परात जमिनीवर, खाली जुने पेपर, जवळ ओलं फडकं. ओट्यावर मांडू नका, विशेषतः बाजूला भजी तळायला कढई चढली असेल तर. प्रयोगाच्या वाट्या-चमचे वेगळे काढा आणि त्यांच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका द्या. ते पुन्हा जेवणात येणार नाहीत. गॉगल किटमध्ये असेल तर तो शोभेला ठेवू नका. डोळ्यात काही उडालंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि मग डॉक्टरकडे.

एक जुनी वही हवी. त्यात प्रत्येक वेळी 'मला काय वाटतं' हे आधी लिहायचं, 'काय झालं' हे नंतर. मुलं अंदाज नंतर लिहितात आणि बरोबर आला म्हणून सांगतात, तेवढ्यावर लक्ष असू द्या.

पहिला प्रयोग हळदीचा करा

किटमधला लिटमस पुढच्या वेळेसाठी राहू दे. हळदीने सुरुवात केली की घरातली मोठी माणसंही आपोआप परातीभोवती येतात.

अर्धा चमचा हळद दोन-तीन चमचे सॅनिटायझरमध्ये किंवा स्पिरिटमध्ये कालवा. पाण्यात हळदीचा रंग फारसा उतरत नाही, अल्कोहोलमध्ये झटकन उतरतो. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून हे काम गॅसपासून लांब आणि तुम्ही स्वतः करायचं. गाळणकागदाच्या बोटभर पट्ट्या त्यात बुडवून पंख्याखाली वाळवा. मग चार वाट्या मांडा : लिंबाचा रस, ताक, खायच्या सोड्याचं पाणी, साबणाचं पाणी. प्रत्येकात एक पट्टी.

लिंबात आणि ताकात पट्टी पिवळीच राहते. सोड्यात नारिंगीकडे झुकते. साबणात तांबडी होते, आणि इथे आरडाओरडा होतो.

"आजी, बघ ना, पिवळ्याचं लाल झालं!"

"त्यात काय! पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली आणि साबण लावला की होतंच की तसं. मग उन्हात टाकला की डाग उडतो."

"पण आज ऊनच नाहीये."

"म्हणून तर म्हणते, पावसाळ्यात पांढरं घालू नका."

आजीचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं आणि अल्कात तांबडं दिसतं, आणि उन्हाने ते विरतं. आता दुसरी फेरी : तांबड्या झालेल्या पट्टीवर लिंबाचा एक थेंब. ती परत पिवळी होते. तिसऱ्या फेरीत साबणाच्या पाण्यात साधं पाणी वाढवत न्यायचं आणि कुठल्या वाटीपासून पट्टी तांबडी होईनाशी होते ते बघायचं. इथे फक्त पाण्याचं प्रमाण बदलतंय, बाकी सगळं तेच, हे मुलाकडून वदवून घ्या.

दारात लाल जास्वंद असेल तर पाकळ्या गरम पाण्यात चुरून तो रस वापरा. लिंबाने गुलाबी-लाल, सोड्याने हिरवट. पानाचा चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नका. डोळ्यात गेला तर इजा मोठी होते.

सोडा आणि लिंबू : झाकण लावायचं नाही

एक सपाट चमचा खायचा सोडा म्हणजे साधारण पाच ग्रॅम. त्याला पुरेसं आम्ल मिळालं तर जवळपास दीड लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाव लिटरच्या बाटलीत हा प्रकार करून वर झाकण पिळलं तर काय होईल, हे सांगायला नको. बाटलीच्या तोंडाला फुगाच लावायचा, बूच किंवा झाकण कधीही नाही.

फुग्यात अर्धा चमचा सोडा भरा, बाटलीत एक मोठा चमचा व्हिनेगर, म्हणजे पंधरा मिलिलिटर. किटमध्ये औषधाच्या बाटलीसारखं मापाचं झाकण असतं, ते वापरा. फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून उभा केला की सोडा खाली पडतो. फुगा किती फुगला ते दोऱ्याने घेर मोजून वहीत लिहा. मग बाटली धुवून, सोडा तेवढाच ठेवून, व्हिनेगर तीस मिलिलिटर. त्यानंतर साठ.

पंधरावरून तीसवर जाताना फुगा चांगलाच मोठा होतो. तीसवरून साठवर मूल दुपटीची पैज लावतं, आणि फुगा जेमतेम थोडासा वाढतो. कारण आता सोडा संपलेला असतो आणि व्हिनेगर उरलेलं असतं. हे तुम्ही सांगू नका. बाटलीतल्या उरलेल्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकायला सांगा. फसफसलं की काय शिल्लक होतं ते त्याचं त्यालाच कळेल. शाळेत हा हिशोब बऱ्याच वर्षांनी येतो, आणि तेव्हा समीकरणाच्या रूपात आल्यामुळे कुणाला त्यात फुगा दिसत नाही.

तुरटीचे स्फटिक

दोन-तीन दिवस चालणारा हा प्रयोग पावसाळ्याच्या सलग सुट्ट्यांसाठी उत्तम. किटमध्ये तुरटीची पुडी इवलीशी असते. वाण्याकडून शंभर ग्रॅम आणा आणि खलबत्त्यात कुटून घ्या.

शंभर मिलिलिटर पाणी गरम करा, उकळायला नको. किटमध्ये थर्मामीटर असेल आणि तो काच-अल्कोहोलचा, शंभरच्या पुढे खुणा असलेला असेल, तर एकदा मोठ्यांनी पाणी उकळून तो त्यात धरून दाखवायला हरकत नाही. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मूल लगेच म्हणेल, पुस्तकात तर शंभर लिहिलंय. चांगलं लक्षण आहे.

गरम पाण्यात तीस ग्रॅम तुरटी ढवळून पूर्ण विरघळवा, सुती फडक्यातून काचेच्या ग्लासात गाळा, वर कागद झाका आणि जिथे कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवा. वीस अंशाच्या पाण्यात शंभर मिलिलिटरला साधारण १४ ग्रॅम तुरटी मावते, पन्नास अंशाला जवळजवळ ३७ ग्रॅम. म्हणजे पाणी गार होईल तशी निम्म्याच्या आसपास तुरटी बाहेर पडायला बघते आणि तळाशी बारीक स्फटिक धरू लागते. हीच कृती मिठाने केली तर हाती फारसं काही लागत नाही, कारण मीठ गार पाण्यात आणि गरम पाण्यात जवळपास तेवढंच, ३६ ग्रॅमच्या आगेमागे, विरघळतं. तुरटी आणि मीठ शेजारीशेजारी ठेवून बघा; एवढ्या एका तुलनेवर अख्खी दुपार निघते.

दुसऱ्या दिवशी तळातला सगळ्यात नीटस, कडा स्पष्ट असलेला स्फटिक चिमट्याने उचला. नायलॉनच्या बारीक दोऱ्याला बांधा, दोरा पेन्सिलीला गुंडाळा, पाणी दुसऱ्या ग्लासात गाळून घ्या आणि त्यात तो लोंबकळत सोडा. पाणी पूर्ण गार असल्याची खात्री करून मगच. कोमट असेल तर बांधलेला स्फटिकच विरघळून जातो आणि दोरा तेवढा उरतो. पावसात पाणी सावकाश उडतं म्हणून वाढ हळू होते, पण हळू वाढलेला स्फटिक जास्त पारदर्शक निघतो. भिंगाखाली त्याच्या आठ बाजू मोजायला सांगा. दोन पिरॅमिड बुडाशी जोडल्यासारखा आकार दिसतो. गढूळ पाण्यात आजी तुरटी का फिरवायची, हा प्रश्न बहुधा इथेच निघेल : तुरटीमुळे पाण्यातले बारीक मातीचे कण एकमेकांना धरून जड होतात आणि तळाशी बसतात.

वायर, सेल, एलईडी

थोडक्यात. एका सेलचे दीड व्होल्ट असतात, लाल एलईडीला दोनच्या आसपास लागतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास. म्हणून एका सेलवर एलईडी पेटत नाही आणि 'किट खराब आहे' असा निकाल लागतो. दोन सेल ओळीने जोडा. एलईडीचा लांब पाय धन टोकाला. तरीही पेटला नाही तर पाय उलटे करून बघा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट लावली तर एलईडी जळतो. आणि भिंतीवरच्या प्लगचा या किटशी काहीही संबंध नाही, हे पहिल्याच दिवशी मुलासमोर मोठ्याने बोलून टाका.

पाऊस मोजायचा असेल तर

एक लिटरची सरळ भिंतीची बाटली वरून कापा, कापलेला शंकू उलटा करून फनेलसारखा तिच्यातच बसवा. बूड उंचसखल असतं, म्हणून भिंत जिथे सरळ होते तिथवर पाणी भरून तिथे शून्याची खूण करा आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली कलंडू नये म्हणून विटांच्या मध्ये, सोसायटीच्या गच्चीवर, टाकीपासून लांब ठेवा. गॅलरीत ठेवली तर वरच्या मजल्याची पागोळी मोजाल.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. गच्चीची लांबी-रुंदी माहीत असली की रात्रभरात तिच्यावर किती लिटर पडलं हे मूल स्वतः काढू शकतं, आणि आकडा बघून हबकतं. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते. तुम्हीही तीच वेळ पाळा, म्हणजे शिवाजीनगर वेधशाळेचा आकडा आपल्या बाटलीशी ताडून बघता येईल. तो जुळलाच पाहिजे असं नाही. पाषाण आणि लोहगावचे आकडे रोज शेजारीशेजारी छापून येतात, तेही कुठे जुळतात? खात्याच्या हिशोबात अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो 'पावसाचा दिवस' धरतात. त्यामुळे सुट्टी मिळालेला दिवस खरोखर पावसाचा होता का, हे तपासायचं काम मुलाकडे द्या.

आवरताना आणि नंतर

सोडा, लिंबू, हळद, तुरटी पाण्यासोबत सिंकमध्ये गेली तरी चालेल. निळे खडे कधी उघडलेच असतील तर ते पाणी सिंकमध्ये किंवा झाडांना घालू नका. डब्यात बंद करून, वर नाव लिहून, घरगुती घातक कचऱ्यात द्या. हात साबणाने धुवायचे, मग भजी.

किट संपलं की नवं आणायची घाई नको. एलईडी, सेल होल्डर, छोट्या मोटरी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सुट्या मिळतात, नव्या किटच्या मानाने बऱ्याच कमी पैशांत. पाऊस ओसरल्यावर विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका मुलांना दाखवून आणा. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. अरविंद गुप्तांनी तिथे बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंमधून विज्ञानाची खेळणी केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घन असे सांगाडे उभे करायची त्यांची पद्धत पावसाळी दुपारीही घरात सहज जमते, आणि त्रिकोण दाबला तरी मोडत नाही, चौकोन मात्र लगेच तिरका होतो, हे तिथे बोटांना कळतं.

उरलेलं सामान घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. नव्या बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाका, पण त्या मुलाच्या हाती लागू देऊ नका. आणि होल्डरमधले सेल काढून ठेवा. ते आत राहून गळले आणि धातूच्या पट्ट्यांवर पांढरट थर चढला की पुढच्या सुट्टीला मोटर फिरत नाही, आणि सगळं घर किटला नावं ठेवतं.